हाड घन होते, बळकट होत नाही : पाण्यातील फ्लोराईड आणि अस्थिऊती

नाशिक शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरणातून होतो. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी आपल्या वरच्या प्रवाहात ज्या काळ्या कातळावरून वाहते, त्याच कातळात शहरालगतची पांडवलेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. हा कातळ नदीच्या वाहत्या पाण्याला जे क्षार देतो, त्यांत फ्लोराईडाचा वाटा अल्प असतो. त्यामुळे पाण्यातील फ्लोराईडाने हाडे बिघडतात ही गोष्ट नाशिकच्या वाचकास काहीशी दूरची वाटण्याचा संभव आहे.

गोदावरीचे खोरे मात्र फार विस्तीर्ण आहे. त्याच खोऱ्यात, नाशिकपासून शेकडो किलोमीटर पूर्वेस, पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या आसमंतात अशी गावे आहेत की, जेथे ऐन उमेदीतला शेतकरी वाकून जमिनीवरचे बी उचलू शकत नाही. मान वळवावयाची तर त्यास सारे अंग वळवावे लागते. नांदेड जिल्ह्यातील किनवट, यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर-पांढरकवडा व झरी-जामणी, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या तालुक्यांची नावे या संदर्भात वारंवार पुढे आली आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड स्वीकारार्ह मानले जाते, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिलिग्रॅमच आहे. उपरोक्त भागांतील काही विंधन विहिरींच्या पाण्यात या मर्यादेच्या कित्येक पट फ्लोराईड आढळले आहे.

अशा रुग्णाच्या कण्याचे क्ष-किरणचित्र नवख्या माणसास दाखविले, तर तो कदाचित म्हणेल की, हे हाड उत्तम पोसलेले आहे. कारण ते नेहमीच्या हाडापेक्षा अधिक पांढरे, अधिक भरीव दिसते. तरीही ज्याच्या शरीरात हे हाड आहे तो माणूस अपंग झालेला असतो. हाडाची घनता वाढूनही त्याचे बळ का वाढत नाही, हा या विषयाचा गाभा होय.

हाडाची घडण

हाड म्हणजे निव्वळ चुन्याचा दगड नव्हे. त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो आणि उरलेल्या भागात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू व थोडे पाणी असते. हे दोन घटक वेगळे करून पाहणे शाळेच्या प्रयोगशाळेतही शक्य आहे. कोंबडीच्या पायाचे हाड काही दिवस शिरक्यात बुडवून ठेवले, तर त्यातील खनिज विरघळून जाते आणि हाड रबरासारखे वाकू लागते. उलट, तेच हाड विस्तवात जाळले तर तंतू जळून जातात. जळालेल्या हाडाचा आकार जसाच्या तसा राहतो, पण बोटाने दाबताच त्याचा चुरा होतो. खनिज हाडाला कठीणपणा देते, तर तंतू त्याला चिवटपणा देतात. दोहोंचा एकमेकांशी घट्ट सांधा असतो, म्हणूनच माणूस डोक्यावर भारा घेऊन चालू शकतो आणि ठेच लागून पडला तरी बहुधा हाड न मोडता उठतो.

बांधकामाशी परिचय असलेल्या वाचकास ही रचना ओळखीची वाटेल. नाशिक येथे १९५९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत धरणांच्या बांधकामासाठी लागणाऱ्या साहित्याच्या चाचण्या होतात. काँक्रीट दाब उत्तम सहन करते, पण ताण सहन करीत नाही, म्हणून त्यात पोलादी सळ्या घालाव्या लागतात हे तेथील कोणताही अभियंता सांगेल. हाडात काँक्रीटाचे काम खनिज करते आणि सळ्यांचे काम कोलॅजेन. तुळईत काँक्रीट वाढविले, पण त्याची सळईवरील पकड सुटली, तर तुळई जड होईल, मजबूत होणार नाही. उपमा अर्थातच एका मर्यादेपर्यंतच चालते. कारण तुळई एकदा ओतली की तशीच राहते, हाड मात्र जन्मभर स्वतःला मोडून पुन्हा बांधत असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडविला जातो. अस्थिभक्षक पेशी जुने हाड कोरून काढतात आणि त्यांच्यामागून येणाऱ्या अस्थिजनक पेशी ती पोकळी प्रथम तंतूंनी व मग खनिजाने भरून काढतात. फ्लोराईडाचा शिरकाव होतो तो या अखंड चालणाऱ्या कामात.

हाडातील खनिजाचे नाव हायड्रॉक्सिॲपेटाइट. कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांचे ते सूक्ष्म स्फटिक असतात. फ्लोराईडाचा आयन आकाराने आणि विद्युतभाराने हायड्रॉक्सिलशी इतका मिळताजुळता आहे की, तो त्याची जागा सहज पटकावतो. मग तेथे फ्लोरॲपेटाइट तयार होते. हा स्फटिक मूळच्यापेक्षा मोठा, अधिक स्थिर आणि आम्लात कमी विरघळणारा असतो. दातांच्या बाबतीत हाच गुण अल्प प्रमाणात उपकारक ठरतो. किडीमुळे निर्माण होणाऱ्या आम्लाला असा दात अधिक दाद देत नाही. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ साली नळाच्या पाण्यात मुद्दाम थोडे फ्लोराईड मिसळण्यास प्रारंभ झाला, तो याच कारणाने. फ्लोराईड म्हणजे केवळ विष, असे समजणे म्हणूनच चुकीचे होईल. सारा प्रश्न मात्रेचा आहे.

मात्रा वाढली की हाडात तीन गोष्टी घडतात. अस्थिजनक पेशींना अवाजवी चेतना मिळते आणि त्या भराभर नवे हाड रचू लागतात. हे हाड घाईने रचलेले असते, त्यातील तंतूंची मांडणी विस्कळीत असते आणि त्यावर खनिज वेळेवर चढत नाही. दुसरे असे की, स्फटिकांचा आकार व प्रकृती बदलल्यामुळे खनिज आणि तंतू यांच्यातील सांधा ढिला पडतो. तिसरी गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत क्लेशकारक होय. जेथे हाड असावयास नको तेथे ते वाढू लागते. मणक्यांना जोडणारे अस्थिबंध, स्नायूंची टोके, कोपराखालील दोन हाडांमधील पडदा हे सारे मऊ भाग हळूहळू कॅल्शियमने भरून कडक होतात. कण्याचे मणके एकमेकांशी जखडले जाऊन पाठ वेळूच्या काठीसारखी ताठ होते. पाठीच्या कण्यातील ज्या नळीतून मज्जारज्जू जातो, ती नळीही अरुंद होत जाते. शेवटच्या अवस्थेत पायांतील शक्ती जाते, ती सांध्यांच्या दुखण्याने नव्हे, तर मज्जारज्जूवर पडणाऱ्या या दाबाने.

घनता वाढविण्याचा एक फसलेला प्रयत्न

फ्लोराईडामुळे हाड भरीव होते हे ध्यानात आल्यावर डॉक्टरांच्या मनात एक विचार येणे स्वाभाविक होते. वृद्धापकाळी, विशेषतः मासिक पाळी थांबल्यानंतर, स्त्रियांची हाडे विरळ होतात. अशा रुग्णांना फ्लोराईड औषध म्हणून दिले तर? ही कल्पना काही दशके निरनिराळ्या देशांत वापरून पाहण्यात आली. तिची काटेकोर परीक्षा अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी केली व तिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. हाडे विरळ झालेल्या २०२ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराईड आणि दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी चार वर्षे देण्यात आली. कॅल्शियम दोन्ही गटांना मिळत होते.

औषध घेणाऱ्या स्त्रियांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. हा आकडा कोणत्याही औषधास हेवा वाटावा असा होता. पण मणके पिचण्याचे प्रमाण त्या मानाने लक्षणीयरीत्या घटले नाही, आणि कण्याव्यतिरिक्त इतर हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र दुसऱ्या गटाच्या सुमारे तिप्पट झाले. कण्यातील जाळीदार हाड दाट झाले असताना हाताच्या पुढच्या भागातील कठीण, नळीदार हाडाची घनता उलट ४ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे सांगाड्याने एका ठिकाणचे कॅल्शियम दुसरीकडे हलविले होते, आणि जे रचले त्याचा दर्जाही सुमार होता. या निष्कर्षानंतर त्या उपचाराची प्रतिष्ठा ओसरली. औषध म्हणून दिलेल्या त्या ७५ मिलिग्रॅममध्ये शुद्ध फ्लोराईड सुमारे ३४ मिलिग्रॅम होते, ही गोष्ट पुढील हिशेबासाठी लक्षात ठेवावी.

गोळ्यांतून नव्हे तर पाण्यातून फ्लोराईड घेणाऱ्या माणसांची पाहणी चीनमध्ये झाली. तेथील सहा निरनिराळ्या भागांतील, पन्नाशी ओलांडलेल्या ८,२६६ स्त्रीपुरुषांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पाण्यात दर लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराईड असलेल्या भागात हाडे मोडण्याचे प्रमाण सर्वांत कमी होते, ४.३ मिलिग्रॅम व त्याहून अधिक असलेल्या भागात ते सर्वांत जास्त होते. भारतीय मानकाचा १ मिलिग्रॅमचा आकडा केवळ कागदी नाही, हे या पाहणीवरून कळून येते.

हिशेब रोजच्या तांब्याचा

शरीरात गेलेल्या फ्लोराईडापैकी प्रौढ माणूस साधारणतः निम्मे मूत्रावाटे बाहेर टाकतो, उरलेले हाडात साठते. वाढत्या मुलाचे हाड त्याहून अधिक पकडून ठेवते. शरीरात साठलेल्या एकूण फ्लोराईडापैकी ९९ टक्के हाडांत व दातांतच असते. निरोगी माणसाच्या हाडाच्या राखेत दर किलोमागे ५०० ते १,००० मिलिग्रॅम फ्लोराईड सापडते; अपंगत्व आणणाऱ्या अवस्थेत हा आकडा ८,४०० च्या वर गेलेला असतो. एवढा साठा एका वर्षात होत नाही. रोज १० ते २० मिलिग्रॅम याप्रमाणे दहा ते वीस वर्षे फ्लोराईड पोटात गेले, तर ही अवस्था येते असे सामान्यतः मानले जाते.

आता हा हिशेब विदर्भातील उन्हाळ्याला लावून पाहावा. दर लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराईड असलेले पाणी काही फार भयंकर वाटत नाही. परंतु वैशाखात शेतात राबणारा मजूर दिवसाकाठी सहज सहा लिटर पाणी पितो. म्हणजे १८ मिलिग्रॅम केवळ पिण्यातून झाले. त्याच पाण्यात शिजविलेली डाळ, भात आणि चहा यांची भर वेगळीच. थंड हवामानाच्या देशात दोन लिटर पाणी गृहीत धरून ठरविलेले प्रमाण आपल्या रानात कसे तोकडे पडते, ते यावरून ध्यानात येईल. त्यातच आहारात कॅल्शियम कमी असेल, तर आतड्यातून फ्लोराईड अधिक शोषले जाते आणि हाडही उपासमारीत सापडते. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसास धोका आणखी जास्त, कारण बाहेर टाकण्याची वाटच अरुंद झालेली असते.

या रोगाची ओळख वैद्यकाला फार जुनी नाही. १९३२ साली कोपनहेगन येथील क्रायोलाइट या फ्लोराईडयुक्त खनिजाच्या कारखान्यातील कामगारांच्या क्ष-किरणचित्रांत हाडांचा हा विलक्षण भरीवपणा प्रथम नोंदला गेला. ते कामगार धूळ श्वासावाटे व पोटावाटे घेत होते. पुढे पाचच वर्षांनी, १९३७ साली, तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विकार विहिरीचे पाणी पिणाऱ्या शेतकऱ्यांत दाखवून दिला. त्यानंतर १९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी नलगोंडा भागातील तरुणांमध्ये गुडघे आतल्या बाजूस वळण्याचा विकार वर्णिला. फ्लोराईड आणि कुपोषण यांची गाठ पडली की वाढत्या वयात हाड ताठ होण्याऐवजी वाकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

खेड्यातील रुग्ण मात्र आपल्या दुखण्याला फ्लोरोसिस म्हणत नाही. तो त्यास वात म्हणतो. प्रथम हातापायांना मुंग्या येणे, पाठ व मान आखडणे, सकाळी उठताना अंग जड होणे अशी लक्षणे असतात आणि ती वाताच्याच खात्यावर जमा होतात. गावातील पाच-पन्नास माणसांना एकाच तऱ्हेचा वात कसा झाला, हा प्रश्न विचारला जाण्यास पुष्कळदा वीस वर्षे लागतात. वास्तविक, तीन सोप्या हालचालींवरून संशय घेता येतो. गुडघे न वाकविता पायाची बोटे धरता येतात काय, हनुवटी छातीला टेकते काय, आणि दोन्ही हात डोक्यामागे नेता येतात काय, एवढे पाहावे. याहूनही आधीची खूण मुलांच्या दातांवर मिळते. वयाच्या पहिल्या आठ वर्षांत, दात हिरडीखाली घडत असताना, जादा फ्लोराईड मिळाले तर दातांवर आडवे, खडूसारखे पांढरे आणि पुढे पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत. शाळेच्या पहिल्या बाकावर बसलेल्या मुलांचे दात पाहून गावाच्या पाण्याविषयी जे कळते, ते त्या गावातील वृद्धांचे कणे पंधरा-वीस वर्षे उशिरा सांगतात. बैलांच्या व गाईंच्या दातांवरही असेच डाग दिसतात आणि तीही लंगडू लागतात.

नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी यवतमाळ, नांदेड व चंद्रपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये संलग्न आहेत. त्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा तरुण डॉक्टर ग्रामीण आरोग्य केंद्रात सांधेदुखीचा रुग्ण तपासताना पिण्याच्या पाण्याची चौकशी करतो की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

कातळाचा फरक

एकाच खोऱ्यात वरच्या अंगाला पाणी निर्दोष आणि खालच्या अंगाला सदोष, असे का व्हावे? याचे उत्तर नदीत नसून जमिनीखाली आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसॉल्टने झाकलेला आहे. नाशिक जिल्हा त्यात मोडतो. या खडकात फ्लोराईडयुक्त खनिजे तुलनेने कमी, आणि त्यातून येणाऱ्या उथळ भूजलात कॅल्शियम पुरेसे असते. कॅल्शियम व फ्लोराईड एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका होतो, म्हणजे पाणी स्वतःच स्वतःला शुद्ध करून घेते. पूर्व विदर्भात आणि नांदेडच्या सीमेवर लाव्ह्याचे हे आच्छादन पातळ होते वा संपते आणि खालचे ग्रॅनाइट, पट्टिताश्म आदी अतिप्राचीन खडक वर येतात. त्यांतील अभ्रक, फ्लोराइट, ॲपेटाइट या खनिजांत फ्लोराईड भरपूर असते. पाणी अशा खडकाच्या भेगांत दीर्घकाळ राहिले की त्यातील कॅल्शियम कमी होऊन सोडियम वाढते, ते अल्कधर्मी बनते आणि खडकातले फ्लोराईड मोकळे होऊन पाण्यात उतरते.

यातील विपरीत योग असा की, असे पाणी पुष्कळदा लोकांना आवडते. ते स्वच्छ असते, त्यात साबणाला फेस चांगला येतो, डाळ लवकर शिजते. फ्लोराईडाला रंग नाही, वास नाही, आणि या प्रमाणात चवही नाही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला भूजलाकडे वळविले. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षणाची स्वतंत्र यंत्रणा राज्यात उभी राहिली आणि पुढील काळात गावोगाव विंधन विहिरी व हातपंप आले. त्यांनी खेड्यातील स्त्रियांची मैलोगणती पायपीट वाचविली, पटकी व हगवणीसारख्या रोगांना पायबंद घातला. हे श्रेय नाकारता येणार नाही. पण जंतूंच्या दृष्टीने निर्मळ असलेले खोल पाणी रासायनिक दृष्टीनेही निर्मळ असेलच असे नाही, ही गोष्ट त्या वेळी सर्वत्र ध्यानात आली नाही. पूर्वीच्या उथळ आडाचे पाणी गढूळ असे, पण ते दर पावसाळ्यात नवे होत असे.

नाशिक जिल्ह्याने यातून एक गोष्ट घ्यावयास हवी. सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव या पर्जन्यछायेतील तालुक्यांत विंधन विहिरींची खोली वाढत गेली आहे. बेसॉल्ट हे अभय नव्हे. खोल थरात दीर्घकाळ अडकलेले पाणी बेसॉल्टमध्येही सोडियमयुक्त होऊ शकते आणि मग कॅल्शियमचे संरक्षण उरत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने साठ मीटर वा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीस खोल विहीर मानून तिच्यावर निर्बंध घातले आहेत. पाण्याची पातळी राखणे हा त्याचा मुख्य हेतू असला, तरी हाडांच्या दृष्टीनेही ती खोली विचारात घेण्यासारखी आहे.

पाण्यातून फ्लोराईड काढणे

हाडात शिरलेले फ्लोराईड बाहेर काढणारे औषध नाही. पाणी बदलल्यावर ते अनेक वर्षांत थोडेथोडे कमी होते, परंतु जखडलेला कणा मोकळा होत नाही. म्हणून जे करावयाचे ते पाण्याच्या बाबतीत.

याबाबत काही समजुती प्रथम दूर केल्या पाहिजेत. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. कापडाने गाळणे, ब्लीचिंग पावडर टाकणे यांचाही उपयोग नाही. माठात तुरटीचा खडा फिरविल्याने गढूळपणा बसतो, फ्लोराईड बसण्यास ती मात्रा पुरत नाही.

तुरटीचाच पद्धतशीर उपयोग मात्र महाराष्ट्रातच सिद्ध झाला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७५ च्या सुमारास विकसित केलेली ही रीत नलगोंडा तंत्र या नावाने जगभर ओळखली जाते. पाण्यातील फ्लोराईड व क्षारता तपासून त्यानुसार तुरटीचे मोजलेले द्रावण आणि तिच्या सुमारे विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाइतका चुना पाण्यात घालतात. जंतुनाशासाठी ब्लीचिंग पावडरही टाकतात. दहा मिनिटे हळूहळू ढवळून सुमारे तासभर निवळू दिले की फ्लोराईड सोबत घेऊन साका तळाशी बसतो आणि वरचे पाणी तोटीने काढून घेता येते. चाळीस लिटरच्या बादलीत घरच्या घरी हे करता येते, तसेच टाकी बांधून साऱ्या गावासाठीही. साहित्य स्वस्त आणि कोणत्याही बाजारात मिळणारे आहे. अडचण आहे ती नियमितपणाची. मात्रा चुकली तर एक तर फ्लोराईड राहून जाते, नाही तर पाण्यात ॲल्युमिनियम उतरते. आणि लग्नसराईत वा पेरणीच्या घाईत रोजचे ढवळणे राहून जाते. सक्रिय ॲल्युमिनाच्या गाळण्या अधिक सुटसुटीत असल्या तरी त्यांतील माध्यम ठरावीक काळाने पुनरुज्जीवित करावे लागते, आणि तेवढी व्यवस्था नसेल तर सहा महिन्यांनी ती गाळणी केवळ शोभेची राहते. पडद्याच्या यंत्रातून फ्लोराईड निघते खरे, परंतु बरेचसे पाणी वाया जाते. पाण्याची मुळातच टंचाई असलेल्या गावाला हे परवडणारे नाही.

म्हणूनच नदीचे वा धरणाचे पाणी नळाने आणणे हा खरा टिकाऊ उपाय होय. ते होईपर्यंत गावातील निर्दोष उथळ विहीर पिण्यासाठी राखून ठेवणे, सदोष हातपंपावर तांबडी खूण करून तो धुण्याभांड्यांपुरता वापरणे, छतावरील पावसाचे पाणी साठविणे हे मार्ग उरतात. त्यांपैकी पहिला मार्ग कमी खर्चाचा असून बहुधा तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो, कारण हातपंप आल्यावर जुन्या आडात कचरा पडू लागलेला असतो.

स्वयंपाकघराचाही यात थोडा वाटा आहे. कॅल्शियमयुक्त आहार पोटातच फ्लोराईडाला अडवितो. दूध परवडत नसेल तेथे नाचणीचा विचार करावा. तिच्या दर १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. नाशिकच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांत नागली या नावाने ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. पैनगंगेच्या काठी मात्र ताटात ज्वारीच असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शाळकरी मुलांना चिंच देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या मूत्रावाटे फ्लोराईड अधिक बाहेर पडल्याचे दिसून आले. आमटीत चिंच घालण्याचा आपला परिपाठ या दृष्टीने वाईट नाही, मात्र तो पाण्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. लहान मुलांनी फ्लोराईडयुक्त दंतमंजन वाटाण्याएवढेच घ्यावे व गिळू नये, एवढी दक्षता पुरेशी आहे. त्यासाठी दंतमंजन टाकून देण्याचे कारण नाही.

पाण्याची तपासणी आता पूर्वीसारखी दुष्प्राप्य राहिलेली नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाद्वारे पाणी पाहण्याचे शिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली. पाण्याच्या नमुन्यात रंगद्रव्य टाकून पालटलेला रंग तक्त्याशी जुळवून पाहावा लागतो. शंका आली तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवावा. नमुना पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असा वर्षातून दोनदा घेतला पाहिजे, कारण एकाच विहिरीतील फ्लोराईड ज्येष्ठात आणि कार्तिकात सारखे नसते. नव्या विंधन विहिरीच्या बाबतीत तर हातपंप बसविण्यापूर्वीच नमुना पाठविणे श्रेयस्कर होय. एकदा पंपाला पाणी लागून गावच्या घागरी रांगेत उभ्या राहिल्या की, प्रयोगशाळेचा कागद हाती धरून तो पंप बंद करणे कोणत्याही सरपंचास फार जड जाते.